मालवण किनाऱ्यावरील खडकांतील डबकी : दोन भरत्यांच्या दरम्यान पाण्यात होणारे बदल

सारांश

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवणच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी खळग्यांत समुद्राचे पाणी अडून राहते. या डबक्यांतील पाण्याचे तापमान, क्षारता, विरघळलेला प्राणवायू आणि सामू हे चारही घटक दोन भरत्यांच्या दरम्यान सतत बदलत असतात. डबक्याची समुद्रसपाटीपासूनची उंची, खोली, ओहोटीची वेळ, तिथी आणि ऋतू यांवर या बदलांचे प्रमाण अवलंबून असते. प्रस्तुत लेखात या बदलांमागील भौतिक, रासायनिक व जैविक कारणांचे विवेचन केले असून, महाविद्यालयीन क्षेत्र-अभ्यासात पाण्याचे नमुने घेताना कोणती दक्षता आवश्यक आहे, याचा विचार केला आहे.

बीजसंज्ञा : आंतरभरती पट्टा, उधाण, भांग, क्षारता, विरघळलेला प्राणवायू, सामू, प्रवाळ.

१. प्रस्तावना

१ मे १९८१ रोजी अस्तित्वात आलेल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याला लांब सागरकिनारा लाभला आहे. या किनाऱ्यावर तारकर्लीसारख्या वाळूच्या पुळणी आहेत, कर्ली, कोळंब व कालावल यांसारख्या खाड्या आहेत आणि त्यांच्या अधूनमधून समुद्रात घुसलेले कातळही आहेत. १६६४ मध्ये ज्या कुरटे बेटावर सिंधुदुर्ग किल्ल्याचे बांधकाम सुरू झाले, ते बेट आणि त्याच्या सभोवतालचे खडक हा याच खडकाळ किनाऱ्याचा भाग होय. स्थानिक बोलीत समुद्रात बुडणाऱ्या व उघड्या पडणाऱ्या अशा खडकांना 'खडप' म्हणतात. ओहोटीला येथे 'सुकती' असाही शब्द आहे आणि तो अर्थपूर्ण आहे, कारण ओहोटीच्या काळात किनाऱ्याचा एक संपूर्ण पट्टा खरोखरच सुकू लागतो.

हा पट्टा सुकत असताना खडकांतील खळग्यांत पाणी मागे राहते. त्यालाच भरतीची डबकी किंवा 'टाइड पूल' असे म्हटले जाते. वरवर पाहता हे समुद्राचेच पाणी असते; परंतु समुद्रापासून तुटल्याच्या क्षणापासून ते समुद्राचे राहत नाही. खुल्या समुद्राचे प्रचंड आकारमान कोणताही बदल सहज सामावून घेते. काही लिटर किंवा काहीशे लिटर पाण्याच्या डबक्याला ही सोय नसते. त्यामुळे खुल्या समुद्रात ज्या बदलांना अनेक महिने लागतात, तेवढेच किंवा त्याहून मोठे बदल डबक्यात काही तासांत घडून येतात.

मालवणच्या बाबतीत या विषयाला विशेष महत्त्व आहे. १९७९ मध्ये कासिम व वाफर यांनी भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर अनेक ठिकाणी जिवंत प्रवाळ आढळत असल्याची नोंद केली. पुढे १९८७ मध्ये मालवण सागरी अभयारण्य घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर असून त्यात किल्ल्याच्या परिसरातील खडकाळ भागाचा समावेश होतो. अनेक महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र व भूगोल विभागांच्या सहली या किनाऱ्यावर येतात आणि तेथे पाण्याचे नमुने घेतले जातात. हे नमुने नेमके कशाचे प्रतिनिधित्व करतात, हा प्रश्न मात्र पुरेशा गांभीर्याने विचारला जात नाही.

२. भरती-ओहोटीचे वेळापत्रक आणि डबक्यांचे स्थान

मालवणच्या किनाऱ्यावर दिवसातून साधारणपणे दोन भरत्या व दोन ओहोट्या येतात. लागोपाठच्या दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते. म्हणजेच भरतीची वेळ दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. दोन्ही ओहोट्यांचे पाणी सारख्याच पातळीपर्यंत उतरते असे नाही; त्यांपैकी एक बहुधा अधिक खोल असते. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती येते आणि पाण्याच्या पातळीतील फरक सर्वाधिक असतो. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते आणि हा फरक सर्वांत कमी होतो. पश्चिम किनाऱ्यावर भरतीची कक्षा उत्तरेकडून दक्षिणेकडे घटत जाते. मुंबईत उधाणाच्या वेळी ती साडेतीन मीटरहून अधिक असते. मालवणच्या भागात ती साधारण दोन मीटरच्या आसपास राहते. त्यामुळे येथील आंतरभरती पट्टा तुलनेने अरुंद आहे आणि उंचीतील थोड्याशा फरकानेही डबक्याची परिस्थिती बदलते.

कोकणातील मच्छीमारांमध्ये भरतीची वेळ काढण्याचे एक परंपरागत गणित प्रचलित आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली असता पूर्ण भरतीची स्थूल वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून भरती सहाच्या सुमारास. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणून भरती सव्वाअकराच्या सुमारास. प्रत्यक्ष वेळ यापेक्षा काहीशी मागेपुढे होते आणि अचूक वेळेसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचे भरती-ओहोटीचे तक्तेच पाहावे लागतात. तथापि या साध्या गणितातून डबक्यांच्या अभ्यासाला अत्यंत उपयुक्त असा निष्कर्ष निघतो.

पौर्णिमा-अमावास्येला भरती सकाळी अकरा-साडेअकराच्या सुमारास येत असेल, तर ओहोटी पहाटे पाच व सायंकाळी पाचच्या सुमारास असणार. उलट अष्टमीला भरती सहाच्या सुमारास असल्याने ओहोटी दुपारी व मध्यरात्री बाराच्या सुमारास येणार. दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर, सर्वांत खोल ओहोटी येथे भर दुपारी येत नाही आणि भर दुपारी येणारी ओहोटी फारशी खोल नसते. या एका गोष्टीवरून किनाऱ्यावरील डबक्यांचे तीन गट पडतात.

पहिला गट खालच्या डबक्यांचा. ही डबकी केवळ उधाणाच्या ओहोटीतच समुद्रापासून तुटतात, तीही पहाटे किंवा सायंकाळी, दोन-तीन तासांपुरती. भर दुपारच्या उन्हात ती समुद्राच्या पाण्याखाली सुरक्षित असतात. दुसरा गट मधल्या डबक्यांचा. ही डबकी जवळजवळ प्रत्येक ओहोटीत तुटतात आणि प्रत्येक भरतीत पुन्हा जोडली जातात. त्यामुळे भांगाच्या दिवसांत दुपारचे ऊन त्यांना थेट सोसावे लागते. तिसरा गट वरच्या डबक्यांचा. यांच्यापर्यंत फक्त उधाणाची भरती किंवा लाटांचे तुषार पोहोचतात. भांगाच्या काळात समुद्राचे पाणी त्यांच्यापर्यंत आठवडाभर किंवा त्याहूनही अधिक काळ येत नाही. म्हणून 'दोन भरत्यांच्या दरम्यान' या शब्दप्रयोगाचा अर्थ तिन्ही गटांसाठी वेगवेगळा आहे. खालच्या डबक्यासाठी तो दोन तासांचा, मधल्यासाठी पाच-सहा तासांचा, तर वरच्यासाठी अनेक दिवसांचा कालावधी असू शकतो.

३. तापमानातील बदल

मालवणच्या किनाऱ्यालगतच्या समुद्राचे तापमान वर्षभर साधारण २६ ते ३० अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहते. डबक्यातील पाण्यात हा स्थैर्याचा गुण नसतो, आणि त्याचे मुख्य कारण खोली हे आहे.

एक साधे गणित हे स्पष्ट करण्यास पुरेसे आहे. दुपारच्या उन्हात पाण्याच्या प्रत्येक चौरस मीटर पृष्ठभागावर सुमारे ८०० वॅट ऊर्जा शोषली जाते असे मानले, तर एका तासात सुमारे २९ लाख ज्यूल उष्णता पाण्यात येते. दहा सेंटिमीटर खोल डबक्यात एका चौरस मीटरखाली सुमारे १०० किलोग्रॅम पाणी असते. त्याचे तापमान एक अंशाने वाढविण्यास सुमारे चार लाख ज्यूल लागतात. म्हणजेच उष्णता अजिबात बाहेर गेली नाही, तर असे डबके तासाभरात सात अंशांनी तापेल. तेवढ्याच उन्हात अर्धा मीटर खोल डबके केवळ दीड अंशाच्या जवळपास तापेल. एकाच खडपावर हाताच्या अंतरावर असलेल्या दोन डबक्यांचे तापमान इतके भिन्न का असते, याचे उत्तर यात आहे.

प्रत्यक्षात सर्व उष्णता पाण्यात साठून राहत नाही. काही भाग खडकात व हवेत जातो आणि मोठा भाग बाष्पीभवनात खर्च होतो. एक मिलिमीटर पाण्याची वाफ होताना एका चौरस मीटरमागे सुमारे २४ लाख ज्यूल उष्णता खर्ची पडते. दहा सेंटिमीटर खोल डबक्याच्या दृष्टीने ही सहा अंशांची शीतलता होय. यावरून बाष्पीभवन हे डबक्याचे तापमान मर्यादेत ठेवणारे सर्वांत प्रभावी साधन आहे, हे लक्षात येते. कोरडा वारा वाहत असताना हे साधन चांगले चालते; दमट व निर्वात दुपारी ते मंदावते. म्हणून केवळ हवेच्या तापमानावरून डबक्याच्या तापमानाचा अंदाज बांधणे योग्य ठरत नाही.

रात्री याच्या उलट प्रक्रिया घडते. डिसेंबर-जानेवारीतील निरभ्र रात्री उथळ डबके उष्णता वेगाने गमावते आणि पहाटेपर्यंत समुद्राच्या पाण्याहून थंड होते. त्यामुळे उन्हाळ्याच्या दुपारी येणारी भरती डबक्याला थंड करते, तर हिवाळ्याच्या पहाटे येणारी भरती त्याला उबदार करते. दोन्ही प्रसंगी बदल अत्यंत जलद असतो. जे तापमान चढण्यास चार तास लागले, ते पहिल्या काही लाटांबरोबर काही मिनिटांत मूळ पातळीवर येते. डबक्यातील जीवांना हळूहळू वाढणाऱ्या ताणाबरोबरच ताण अचानक संपण्याचा हा धक्काही सोसावा लागतो.

४. क्षारतेतील बदल

खुल्या समुद्राच्या पाण्याची क्षारता दर हजारी सुमारे ३५ असते. म्हणजे एक किलोग्रॅम पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. डबक्यात ही क्षारता बाष्पीभवनाने वाढते व पावसाने घटते.

बाष्पीभवनात पाणी जाते, क्षार मागे राहतात. दहा सेंटिमीटर खोल डबक्यातून एका दुपारी पाच मिलिमीटर पाणी उडून गेले, तर क्षारता ३५ वरून सुमारे ३७ वर जाते. मधल्या डबक्याच्या दृष्टीने हा बदल किरकोळ आहे, कारण पुढची भरती तो पुसून टाकते. वरच्या डबक्याची स्थिती निराळी असते. दिवसाला पाच मिलिमीटर याच हिशेबाने भांगाच्या आठ दिवसांत चाळीस मिलिमीटर पाणी उडून जाईल आणि उरलेल्या सहा सेंटिमीटर पाण्याची क्षारता ५८ च्या पुढे जाईल. एप्रिल-मे महिन्यांत अगदी उथळ खळगे पूर्णपणे आटतात. समुद्राचे पाणी सुमारे दहापट आटल्यानंतर साधे मीठ स्फटिकरूपाने बाहेर पडू लागते. उन्हाळ्यात वरच्या कातळावर दिसणारा मिठाचा पांढरा थर हा याच प्रक्रियेचा शेवटचा टप्पा होय. मिठागरात जे योजनापूर्वक केले जाते, ते येथे निसर्गतः घडते.

येथे तापमान व क्षारता यांचा परस्परसंबंधही ध्यानात घ्यावयास हवा. ज्या बाष्पीभवनामुळे डबके थंड राहते, त्याच बाष्पीभवनामुळे ते अधिक खारट होते. उष्णतेपासूनचे संरक्षण क्षारतेच्या वाढीच्या मोबदल्यात मिळते.

पावसाळ्यात चित्र पालटते. सिंधुदुर्ग जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. दहा सेंटिमीटर खोल, काठोकाठ भरलेल्या डबक्यावर शंभर मिलिमीटर पाऊस पडला, पाणी सतत मिसळत राहिले व तेवढेच पाणी काठावरून वाहून गेले असे मानल्यास क्षारता ३५ वरून सुमारे १३ पर्यंत उतरते. आजूबाजूच्या उतारावरील पाणीही डबक्यात येत असेल, तर ती याहूनही खाली जाते.

तथापि वाऱ्याचा जोर नसताना पाणी पूर्णपणे मिसळत नाही. गोडे पाणी हलके असल्याने ते वर तरंगते आणि खारे पाणी तळाशी राहते. अशा वेळी पृष्ठभागावरील नमुना जवळजवळ गोडा निघेल आणि तळाचा नमुना समुद्रासारखाच खारा. तळाशी राहणाऱ्या जीवांसाठी हे वरचे गोडे आवरण एक प्रकारचे छत्र ठरते. मात्र पाऊस थांबून ऊन पडले, तर तळाचे जड पाणी तापूनही वर येऊ शकत नाही आणि काही काळ तळ पृष्ठभागापेक्षा अधिक उष्ण राहू शकतो. शिवाय पावसाळ्यात समुद्र खवळलेला असल्याने लाटांचे तुषार वरच्या डबक्यांपर्यंत वारंवार पोहोचतात. म्हणजे ज्या ऋतूत आकाशातून गोडे पाणी येते, त्याच ऋतूत समुद्राकडून खारे पाणीही अधिक येते. खाडीच्या मुखाजवळील डबक्यांना मात्र भरतीबरोबर येणारे पाणीही निमखारे व गढूळ मिळते. म्हणून कर्ली किंवा कालावल खाडीच्या मुखाजवळचे डबके आणि किल्ल्याच्या परिसरातील डबके यांची पावसाळ्यातील तुलना सावधपणे करावी लागते.

५. विरघळलेला प्राणवायू व सामू

तापमान व क्षारता हे घटक प्रामुख्याने हवामानाच्या अधीन असतात. प्राणवायू व सामू यांच्यावर डबक्यातील सजीवांचेच अधिक नियंत्रण असते.

पाणी जितके उष्ण व खारट, तितका कमी प्राणवायू त्यात विरघळतो. ३५ क्षारतेच्या पाण्यात २५ अंश तापमानाला हवेशी समतोल साधलेल्या स्थितीत लिटरमागे सुमारे ६.८ मिलिग्रॅम प्राणवायू असतो. ३५ अंशांना तो सुमारे ५.८ मिलिग्रॅमवर येतो. या नियमानुसार दुपारच्या तापलेल्या डबक्यात प्राणवायू कमी आढळावयास हवा. प्रत्यक्षात शैवालाने भरलेल्या डबक्यात दुपारी तो समतोल पातळीहून कितीतरी अधिक आढळतो. उल्वासारखी हिरवी आणि सारगॅसमसारखी तपकिरी शैवाले सूर्यप्रकाशात प्रकाशसंश्लेषण करतात आणि त्यातून निघणारा प्राणवायू हवेत निसटण्यापेक्षा वेगाने पाण्यात जमा होतो. शैवालाच्या पानांवर दिसणारे चांदीसारखे बुडबुडे हा त्याचा दृश्य पुरावा होय.

सूर्यास्तानंतर प्रकाशसंश्लेषण थांबते. श्वसन मात्र चालूच राहते. मासे, खेकडे, शंख व जीवाणू यांच्याबरोबर शैवालेही आता प्राणवायू वापरू लागतात. समजा, ३० अंश तापमानाच्या डबक्यात लिटरमागे ६.२ मिलिग्रॅम प्राणवायू आहे आणि सर्व जीव मिळून ताशी एक मिलिग्रॅम वापरत आहेत. हवेतून होणारी भरपाई सोडून दिल्यास सहा तासांत डबक्यातील प्राणवायू संपुष्टात येईल. दिवसा ज्या शैवालामुळे डबके प्राणवायूने समृद्ध होते, त्याच शैवालाच्या दाटीमुळे रात्री ते प्राणवायूच्या दुर्भिक्षाकडे जाते. म्हणून दिवसाची ओहोटी व रात्रीची ओहोटी या डबक्याच्या दृष्टीने दोन भिन्न घटना आहेत.

सामूचा प्रवास प्राणवायूच्या जोडीनेच होतो. समुद्राच्या पाण्याचा सामू सुमारे ८.१ असतो. दिवसा शैवाले कार्बन डायऑक्साइड शोषून घेतात, त्यामुळे पाणी अधिक अल्कधर्मी होते व सामू ९ च्या वरही जाऊ शकतो. रात्री श्वसनातून कार्बन डायऑक्साइड पाण्यात साठतो आणि सामू खाली येतो. सामू लघुगणकीय असल्याने या फरकाचे गांभीर्य आकड्यांवरून चटकन जाणवत नाही. ८.१ वरून ७.५ पर्यंतची घट ही हायड्रोजन आयनांच्या प्रमाणातील चौपट वाढ असते. याचा थेट संबंध कॅल्शियम कार्बोनेटचे कवच किंवा सांगाडा बनविणाऱ्या जीवांशी येतो. उच्च सामूत कवच बांधणे सुलभ होते. निम्न सामूत तेच काम अधिक खर्चिक होते.

हे बदल केवळ उष्ण कटिबंधापुरते मर्यादित नाहीत. १९८० मध्ये ट्रुशो व डुहामेल-जूव्ह यांनी फ्रान्सच्या किनाऱ्यावरील आणि १९८३ मध्ये मॉरिस व टेलर यांनी स्कॉटलंडमधील कंब्रे बेटावरील डबक्यांचा अभ्यास करून दिवस-रात्रीच्या चक्रानुसार प्राणवायू व सामू यांत होणारे मोठे चढउतार नोंदविले. तेथील समुद्र मालवणच्या मानाने पुष्कळ थंड आहे. उष्ण पाण्यात श्वसनाचा वेग अधिक आणि प्राणवायूची विद्राव्यता कमी असल्याने मालवणसारख्या ठिकाणी रात्रीच्या ओहोटीचा ताण अधिक तीव्र असणे स्वाभाविक आहे.

६. जीवांचे वितरण व अनुकूलन

वरील चारही घटकांचा एकत्रित परिणाम जीवांच्या वितरणात दिसून येतो. वरच्या डबक्यांच्या परिसरात लिटोरिना व नेरिटा यांसारखे लहान शंख आढळतात. प्रतिकूल काळात ते कवचाचे झाकण घट्ट लावून आत ओलावा राखतात व सावलीच्या भेगांत एकत्र जमतात. मधल्या पट्ट्यातील बार्नेकल आपली कवचद्वारे मिटून घेतात, तर टोपीच्या आकाराचे लिंपेट खडकाला घट्ट चिकटून राहतात. समुद्रफुले आपले स्पर्शक आत ओढून गोळ्यासारखी होतात. डबक्यांत राहणारे लहान मासे प्राणवायू घटल्यावर पृष्ठभागाशी येऊन हवेलगतचा पाण्याचा पातळ थर वापरतात. खेकडे डबके सोडून बाहेर पडू शकतात. ही मुभा खडकाला जखडलेल्या जीवांना नसते.

प्रवाळ, स्पंज व समुद्रकाकड्या यांसारखे जीव मुख्यत्वे खालच्या डबक्यांत व त्याखालील सदैव बुडालेल्या भागात आढळतात. प्रवाळांच्या ऊतींत सूक्ष्म शैवाले सहजीवनात राहतात. तापमान नेहमीच्या उन्हाळी कमाल पातळीपेक्षा एक-दोन अंशांनी वाढून काही आठवडे तसेच राहिले, तर हे सहजीवन मोडते आणि प्रवाळ पांढरे पडतात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नोंदींनुसार मालवण अभयारण्यातील प्रवाळांत असे विरंजन आढळून आले आहे. अशा स्थितीत भरतीच्या वेळापत्रकाने दिलेले संरक्षण मोलाचे ठरते. सर्वांत खोल ओहोटी येथे पहाटे व सायंकाळी येत असल्याने खालच्या डबक्यांतील प्रवाळांना भर दुपारी उघड्यावर राहावे लागत नाही. समुद्राचेच तापमान वाढत गेले, तर मात्र हे संरक्षण अपुरे पडेल. कारण डबक्याला दर भरतीला मिळणारे थंड पाणीच पूर्वीइतके थंड राहणार नाही.

७. मानवी हस्तक्षेप

डबक्याच्या पाण्याची स्थिती नैसर्गिक घटकांइतकीच मानवी वर्तनानेही बदलते. सांडपाण्यातून येणाऱ्या नत्र व स्फुरद यांमुळे शैवालांची वाढ फोफावते. दिवसा घेतलेल्या नमुन्यात त्यामुळे प्राणवायू भरपूर दिसतो आणि पाणी उत्तम असल्याचा समज होतो. हानी मात्र रात्री घडते. पर्यटकांनी उलटे करून ठेवलेले दगड ही वरवर क्षुल्लक वाटणारी बाब आहे. दगडाखालची सावली व ओल यांवर जगणारे जीव त्यामुळे उन्हात येतात आणि दगडाच्या वरच्या बाजूचे शैवाल अंधारात जाते. मरून कुजणारे हे जीव पुन्हा डबक्यातील प्राणवायूच वापरतात. टाकून दिलेले खाद्यपदार्थही हेच करतात. खडपावर कालवे काढणाऱ्या स्थानिक स्त्रियांचा किनाऱ्याशी असलेला संबंध पिढ्यान्‌पिढ्यांचा असून तिथी व सुकतीच्या वेळा त्यांना मुखोद्गत असतात. हे ज्ञान अभ्यासकांनी नोंदवून ठेवण्याजोगे आहे.

८. क्षेत्र-अभ्यासासाठी काही सूचना

महाविद्यालयीन सहली बहुधा सोयीनुसार सकाळी दहा ते दुपारी तीन या वेळात किनाऱ्यावर असतात. या वेळात घेतलेला नमुना दिवसाच्या प्रकाशातील, प्राणवायूने समृद्ध व उच्च सामूच्या पाण्याचा असतो. त्यावरून 'मालवणच्या किनाऱ्यावरील पाण्याची गुणवत्ता' असा निष्कर्ष काढणे शास्त्रीय दृष्ट्या समर्थनीय नाही. दोन वेगवेगळ्या वर्षांच्या सहलींची तुलना करताना एक सहल अष्टमीला व दुसरी पौर्णिमेला गेली असेल, तर आढळणारा फरक प्रदूषणाचा नसून केवळ तिथीचा असू शकतो. यास्तव पुढील बाबींचा अवलंब उपयुक्त ठरेल.

(अ) प्रत्येक नमुन्यासोबत दिनांक, घड्याळी वेळ, तिथी, त्या दिवशीची भरती-ओहोटीची वेळ आणि डबके समुद्रापासून तुटून किती वेळ झाला, याची नोंद करावी.

(आ) डबक्याची लांबी, रुंदी, कमाल खोली, आंतरभरती पट्ट्यातील स्थान आणि शैवालाचे आच्छादन नोंदवावे.

(इ) पृष्ठभाग व तळ यांचे नमुने स्वतंत्र घ्यावेत. पावसाळ्यात हे अपरिहार्य आहे.

(ई) प्राणवायूचा नमुना विंकलर पद्धतीने जागेवरच स्थिर करावा. नमुना प्रयोगशाळेत नेईपर्यंत तसाच ठेवल्यास श्वसन चालू राहते व अतिरिक्त प्राणवायू निसटून जातो.

(उ) शक्य तेथे एकाच डबक्याच्या नोंदी दर तासाला, संपूर्ण ओहोटीभर घ्याव्यात आणि तुलनेसाठी लगतच्या समुद्राचा नमुना अवश्य घ्यावा. रात्रीच्या ओहोटीच्या नोंदी सुरक्षिततेची पुरेशी व्यवस्था करून व स्थानिक जाणकारांच्या सोबतीनेच घ्याव्यात.

(ऊ) लहान डबक्यातून अनेक बाटल्या पाणी काढल्यास डबक्याची खोलीच बदलते, हे लक्षात घेऊन कमीत कमी पाणी घ्यावे.

(ए) अभयारण्याच्या क्षेत्रात वन विभागाची पूर्वपरवानगी आवश्यक आहे. प्रवाळ व समुद्रकाकड्या यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण असल्याने त्यांचे नमुने गोळा करू नयेत. छायाचित्र व वर्णन यांवरून पुरेसा अभ्यास होऊ शकतो.

तापमापी, क्षारतामापी व सामूमापी एवढ्या साधनांवर यातील बरेचसे काम होऊ शकते. खर्चिक उपकरणांपेक्षा योग्य वेळी व पुनःपुन्हा केलेले मोजमाप येथे अधिक उपयोगी पडते.

९. निष्कर्ष

१. मालवण किनाऱ्यावरील डबक्यांतील पाणी समुद्रापासून तुटल्याबरोबर तापमान, क्षारता, प्राणवायू व सामू या चारही बाबतींत समुद्राहून वेगळे होऊ लागते.

२. बदलाचे प्रमाण डबक्याची खोली व उंची यांवर अवलंबून असते. उथळ डबके वेगाने बदलते. उंचावरील डबके दीर्घकाळ बदलत राहते.

३. तापमान व क्षारता बाष्पीभवनाने परस्परांशी जोडलेली आहेत, तर प्राणवायू व सामू प्रकाशसंश्लेषण व श्वसन यांनी जोडलेले आहेत. यांपैकी एकाच घटकाचे मोजमाप अपुरे ठरते.

४. उधाणाची ओहोटी पहाटे व सायंकाळी, तर भांगाची ओहोटी दुपारी व मध्यरात्री येत असल्याने तिथी ही येथील अभ्यासातील एक आवश्यक नोंद आहे.

५. दिवसाच्या एकाच नमुन्यावरून काढलेला निष्कर्ष रात्रीच्या प्राणवायूच्या तुटवड्याकडे दुर्लक्ष करतो. सांडपाण्याचा परिणाम नेमका येथेच दृष्टिआड राहतो.

मालवण परिसरातील महाविद्यालयांनी ठरावीक डबकी निश्चित करून त्यांच्या ऋतुनिहाय व तिथीनिहाय नोंदी काही वर्षे सातत्याने ठेवल्यास समुद्राच्या वाढत्या तापमानाचा या किनाऱ्यावरील परिणाम पडताळण्यासाठी एक विश्वसनीय आधार उपलब्ध होईल. प्रवाळांचे विरंजन डोळ्यांना दिसू लागते, तेव्हा पाण्यातील बदल बऱ्याच आधी घडून गेलेला असतो. तो वेळीच ओळखता यावा, यासाठी अशा नोंदींची आवश्यकता आहे.